अर्ज एक, विद्यापीठे अनेक

‘कन्सॉर्शियम फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन मॅनेजमेंट’ या संस्थेची स्थापना १९६६ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक स्टर्लिंग शोएन हे तिचे संस्थापक. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील वर्णभेद बेकायदा ठरवला होता. पण मोठ्या कंपन्यांच्या वरच्या पदांवर कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच, आणि त्या पदांची वाट ज्या एमबीएच्या वर्गातून जाई तिथेही ते क्वचितच दिसत. अशा तरुणांना एमबीएसाठी फेलोशिप देता यावी म्हणून शोएन यांनी इंडियाना आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांना सोबत घेतले. १९६७ मध्ये २१ कृष्णवर्णीय तरुणांची पहिली तुकडी दाखल झाली. स्त्रियांना, तसेच लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि मूळ अमेरिकी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला तो त्यानंतर.

सदस्य विद्यापीठे वाढली तशी एकाच गुणी उमेदवारासाठी अनेकांनी फेलोशिप अडवून ठेवण्याची शक्यताही वाढली. त्यावरचा उपाय म्हणजे पसंतिक्रम. उमेदवार एकच अर्ज भरतो, जास्तीत जास्त सहा विद्यापीठे निवडतो आणि त्यांचा क्रम आधीच लावतो. प्रवेशाचा निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतःच घेते. पूर्ण शिकवणी शुल्काची फेलोशिप मात्र एकाच ठिकाणी मिळते. समजा, एखाद्याने मिशिगन, इंडियाना, विस्कॉन्सिन असा क्रम लावला. मिशिगनने नुसता प्रवेश दिला आणि उरलेल्या दोघांनी फेलोशिपचीही तयारी दाखवली, तर फेलोशिप येते ती इंडियानाकडून. विस्कॉन्सिनचा पैसा दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी मोकळा होतो. पदरच्या खर्चाने मिशिगनला जाण्याची वाट उमेदवाराला तरीही खुली राहते. दोन विद्यापीठांचे देकार समोर ठेवून घासाघीस करण्याची संधी तो गमावतो, आणि ही किंमत लहान नाही. पण त्याच पैशात अधिक जण शिकतात. संस्थेचा हेतू पाहता हा सौदा रास्तच ठरतो.

प्रवेश पक्का झालेले विद्यार्थी, फेलोशिप नसलेलेसुद्धा, वर्ग सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात परिचय मेळाव्याला जमतात. तिथे पुरस्कर्त्या कंपन्यांचे अधिकारी त्यांना भेटतात, मुलाखती घेतात. कित्येकांची पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप एमबीएचा पहिला तास होण्याआधीच ठरते.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातील वंशाच्या विचाराला मर्यादा घातल्या. पुढे संस्थेने वंशाची अट काढली. आता अर्जदार कोणत्याही वंशाचा चालतो. वंचित समाजगटांना व्यवसायक्षेत्रात स्थान मिळवून देण्याच्या कामाशी आपली बांधिलकी मात्र त्याला निबंधातून दाखवावी लागते.