घर आणि बिऱ्हाड

कोकणात घर बांधले जाते, सारवले जाते, पावसाआधी शाकारले जाते. वाटणीत ते मिळते आणि फार दिवस बंद राहिले तर पडते. ते विकत घेतले जाते, असे मात्र जुन्या बोलण्यात क्वचितच ऐकू येते. मुंबईस गेलेला चाकरमानी तेथे जे विकत घेई त्यालाही तो 'जागा' किंवा 'खोली' म्हणे. 'घर' हा शब्द गावासाठी राखलेला असे. ह्या दोहोंच्या मधोमध तिसरा एक शब्द होता, तो म्हणजे बिऱ्हाड. नोकरीसाठी, औषधपाण्यासाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी काही वर्षे जेथे चूल मांडायची, ते बिऱ्हाड. आज हा शब्द मागे पडला आहे आणि त्याच्याबरोबर एक विचारही मागे पडला आहे, असे आम्हांस वाटते.

हे सारे सुचण्याचे निमित्त कसाल. मुंबई-गोवा महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६) जेथून मालवणची वाट फुटते तेथले हे कुडाळ तालुक्यातील गाव. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याचे ठाणे शेजारी ओरोसला सिंधुदुर्गनगरीत बसले, १९९८मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, आणि एरवी तिठ्यापुरते ठाऊक असलेल्या ह्या टापूतील जमिनीला भाव आला. कचेऱ्यांतील नोकरदार आले. त्यांच्या मागोमाग आतल्या वाड्यांतील कुटुंबेही महामार्गाच्या कडेला सरकू लागली. अशा कुटुंबाला कारण विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : मुलांची शाळा. वाडीवरचे घर बंद करायचे, काजूची बाग नाहीतर हिश्श्याचा तुकडा विकायचा, उरलेले कर्ज काढायचे आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर घर घ्यायचे. हा निर्णय घ्यावा की न घ्यावा, ह्याला वरवर पाहता इतिहास नाही. वास्तविक तो आहे, आणि त्याचा बराचसा भाग ह्याच किनाऱ्यावर घडलेला आहे.

देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८२५च्या सुमारास मुंबईस गेले ते बापू छत्रे ह्यांच्या आश्रयाला. पोंभुर्ल्याचे घर तेथेच राहिले. मुलगा तेवढा विद्येच्या दारी गेला. कोकणातील पुढल्या दोन-तीन पिढ्यांची हीच रीत होती. कोणाकडे वार लावायचे, कोणाच्या पडवीत पथारी टाकायची, माधुकरी मागायची. घर हलत नसे, मूल हलत असे. ह्या रीतीविषयी हळवे होऊन लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु वार जातीतल्या घरी मिळत आणि माधुकरीची झोळी ठरावीक जातीच्या खांद्यावरच शोभे, ही गोष्ट त्या हळवेपणात सोयीस्करपणे विसरली जाते. मुलींचा तर ह्या रीतीत विचारच नव्हता.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म १८३७चा, मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७मध्ये त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि तेथे इंग्रजी शाळा असल्यामुळे मुलाची वाट मोकळी झाली. तेथून मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, १८६२मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत नाव, आणि पुढे काही काळ त्याच रत्नागिरीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद. संस्कृत विद्येच्या आधुनिक इतिहासातील एवढे मोठे प्रकरण एका कारकुनाच्या बदलीच्या हुकमावर टेकलेले आहे. त्या काळी शाळेजवळ राहायला मिळणे हा बहुतेकांच्या बाबतीत निर्णय नसून योग होता. सरकारी चाकरी आणि सरकारी शाळा एकाच गावी असत, म्हणून कारकुनाच्या मुलाला तो लाभे आणि कुळाच्या मुलाला लाभत नसे. टिळकांचेही तेच. वडील गंगाधरपंत शिक्षक, मूळ घर चिखलगावचे, जन्म १८५६मध्ये रत्नागिरीत, दुसऱ्यांच्या वास्तूत. १८६६मध्ये वडिलांची बदली झाली आणि बिऱ्हाड पुण्याला गेले. ज्या वास्तूला आज आपण स्मारक मानतो ती एका शिक्षकाच्या बिऱ्हाडाची जागा होती, ही गोष्ट आम्हांस लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

ज्यांच्या घरी बदलीची नोकरी नव्हती त्यांना पाय होते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५मध्ये परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांसह पायी साताऱ्यास गेले. शंभराहून अधिक मैलांची चाल, मधे कुंभार्ली घाट. आणि पोहोचल्यावर वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. 'आत्मवृत्ता'तील हा प्रसंग अनेक पाठ्यपुस्तकांतून जिद्दीचा नमुना म्हणून शिकवला गेला आहे. आम्हांस त्यात परीक्षा आणि विद्यार्थी ह्यांच्यामधले अंतर दिसते, आणि ते अंतर तोडण्याचा सगळा भार कोणावर टाकला होता तेही दिसते.

ह्याच कर्व्यांनी पुढे शाळा काढली तेव्हा ती वस्तीपासून लांब नेली. अनाथ बालिकाश्रम १९००मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. तिकडे जमीन मिळाली, शहरात प्लेगची भीती होती, आणि विधवांच्या शिक्षणाकडे शहराची नजर काही प्रेमाची नव्हती. फर्ग्युसनमधले शिकवणे आटोपून कर्वे स्वतः पायी हिंगण्याला जात. तेथे घर विकत घ्यावे असे त्या काळी कोणाच्या मनात आले नसते. मग शहर वाढत वाढत त्या माळापर्यंत आले, भागाला कर्वेनगर नाव पडले, आणि आज तेथील सदनिका 'शाळा-कॉलेजे जवळ' अशा जाहिरातींनी विकल्या जातात. शाळेने घरांपासून पळ काढला आणि घरांनी तिचा माग काढत तिला गाठले.

शाळा आणि मालकीचे घर ह्यांची सांगड घालणारी कल्पना मराठी मध्यमवर्गात रुजली ती अशाच उपनगरांतून, मुख्यतः विसाव्या शतकात. दादरची हिंदू कॉलनी आणि तिच्या लगतचे किंग जॉर्ज हायस्कूल (आताचे राजा शिवाजी विद्यालय), पार्ले आणि १९२१मध्ये निघालेले पार्ले टिळक विद्यालय, ह्या जोड्या पाहाव्यात. पु. ल. देशपांड्यांचे कुटुंब जोगेश्वरीहून पार्ल्याला आले आणि ते ह्याच टिळक विद्यालयात शिकले. तेथे शाळा म्हणजे नुसती वर्गांची इमारत नव्हती. व्याख्याने, नाटके, वाचनालय, शेजार असे सारे एकात एक गुंफलेले होते, आणि घर घेणारा ते सगळेच घेत असे. कसालला घर शोधणाऱ्या बापाच्या मनात नकळत हेच चित्र असते. मात्र पार्ल्याला शाळा वस्तीने उभी केली होती. वस्ती आणि शाळा एकमेकींच्या आधाराने वाढल्या. महामार्गाच्या कडेची वसाहत तशी वाढतेच असे नाही.

ह्या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक केलेले स्थलांतर आम्हांस वाटते ते रामजी सकपाळांचे. लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले, तेथून नोकरीनिमित्त साताऱ्यास गेले आणि १९०४मध्ये मुलांना घेऊन मुंबईस आले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव वर्गाबाहेर नव्हता, आत होता. पण वेगळा, घरून आणलेल्या तरटावर. घर शाळेजवळ असले म्हणून शाळा जवळ येते असे नाही, हे ह्या एका तरटाने जितके सांगितले तितके क्वचितच कशाने सांगितले असेल. मुंबईत रामजींनी परळला चाळीतील खोली घेतली आणि मुलाला पुढे घातले ते तिकडे धोबी तलावाच्या बाजूच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात. म्हणजे शाळा जवळची निवडली नाही, चांगली निवडली. आणि राहायला जागा परवडेल ती घेतली. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकण्याची वेळ आली तरी हा क्रम त्यांनी उलटा केला नाही. भीमराव १९०७मध्ये मॅट्रिक झाला. पुढे १९३०च्या दशकात बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीतच 'राजगृह' बांधले. शाळांच्या शेजारात असूनही ते घर शाळेसाठी नव्हते, ग्रंथांसाठी होते.

जांभेकर, भांडारकर, टिळक, कर्वे, सकपाळ : ह्यांपैकी एकानेही शाळेसाठी घर विकत घेतले नाही. ऐपत नव्हती, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की शाळा ही आयुष्यातील ठरावीक वर्षांची गरज आहे हे त्या पिढ्यांना पक्के ठाऊक होते आणि तिच्यासाठी त्यांच्याजवळ बिऱ्हाड ही सोय होती. पाचवीतले मूल दहावी होईपर्यंत सहा वर्षे, बारावीपर्यंत आठ. घरकर्जाची मुदत वीस वर्षांची. मूल पदवीसाठी कोल्हापूर-पुण्याला जाईल तेव्हा हप्त्यांचा मोठा वाटा फिटायचाच असेल, आणि शाळेशेजारच्या घरात आईवडील घंटा ऐकत बसतील. (घंटा गोड लागते असे सांगणारे लोक आम्हांस भेटले आहेत, ते बहुधा शाळेपासून दोन मैलांवर राहतात.)

कायदाही आता अंतराची भाषा बोलतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून अमलात आला. महाराष्ट्राच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. खाजगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांनाही घरापासूनचे अंतर लावतात. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट दिली. ती अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. किलोमीटरच्या एका रेघेवर मुलाचे भवितव्य ठरू शकते हे ह्यावरून कळते, आणि ती रेघ एका वर्षात इकडची तिकडे होऊ शकते हेही कळते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ह्या प्रवेशांसाठी रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार चालतो. कायद्याला बिऱ्हाड पुरते. हट्ट आपला आहे.

दुसरी बाजू नाही असे नव्हे. मुलगी असेल आणि शाळेच्या वाटेवर व्हाळ असेल तर पावसाळ्याचे चार महिने जवळचे घर ही चैन नसून गरज असते. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो हे खरे, पण पासाने गाडी वेळेवर येत नाही. वाडीपर्यंत गाडीच जात नसेल तर पास नुसता दप्तरात राहतो. ज्या कुटुंबाला गावात जमीनच नव्हती, किंवा गावाच्या वेशीबाहेरच घर मिळाले होते, त्याने वाडी सोडून तिठ्यावर स्वतःच्या नावाचे घर घेतले तर त्याला आम्ही कोणत्या तोंडाने बिऱ्हाडाचे गुण सांगावेत? त्याच्यासाठी शाळा हे निमित्त आहे, घर हाच हेतू आहे, आणि तो रास्त आहे.

राहिले ते मधले मोठे कुटुंब : वाडीवर घर आहे, थोडी बाग आहे, आणि शाळेच्या नावाखाली दोन्हींवर पाणी सोडायला ते निघाले आहे. त्याने आधी साधे प्रश्न विचारावेत. सातबाऱ्यावर नावे किती, आणि त्यांतली मुंबईत किती? जमीन बिनशेती झाली आहे काय? घर आणि शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला आहेत, की दप्तर घेऊन चौपदरी रस्ता ओलांडायचा आहे? शाळेत दहावीपर्यंत वर्ग आहेत की सातवीनंतर पुन्हा शोध? शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पटाचा. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्याने २०२३मध्ये मांडला, तेव्हा अशा शाळांची संख्या १४,०००हून अधिक होती. ज्या शाळेसाठी घर घ्यायचे तिचा पट दहा वर्षांत कोठे गेला आहे, हे हजेरीपट पाहिल्यावाचून कळायचे नाही.

आणि जी शाळा मागे सोडायची तिचाही पट असतोच. वाडीवरच्या शाळेत अकरा मुले असतील तर एक कुटुंब तिठ्यावर गेले की नऊ उरतात. पुढल्या जूनमध्ये आणखी एक बाप तोच हिशेब करतो, आणि तोही चुकत नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. शाळा मात्र बंद होते, आणि ज्यांना जाणे शक्यच नव्हते त्यांची मुले आता चार किलोमीटर चालतात. त्यांत बहुधा ज्याच्याकडे विकायला काजूची बाग नव्हती त्याचे मूल असते.

बिऱ्हाडात ह्या गुंत्याची सुटका नाही. भाड्याने गेलेले मूलही पटावरून कमी होतेच. फरक राहतो तो घराचा. बिऱ्हाड करून राहिलेला माणूस एप्रिल-मे महिन्यात वाडीवर येतो, कौले उतरवतो, फुटकी बदलतो, वाशांना लागलेली वाळवी झाडतो, गडगा ढासळला असेल तेथे चिरे रचतो आणि पाऊस पडण्याआधी घर शाकारून जातो. तिठ्यावर हप्त्याचे घर घेतलेल्याला पहिली दोन वर्षे हे जमते. तिसऱ्या वर्षी तो भावाला फोन करतो.