उकिरड्यावर सापडलेले पणजोबा

उधना सोडून गाडी मुंबईकडे निघाली की पुढचं स्टेशन भेस्तान. सुरतच्या या अंगाला लूम आणि प्रिंटिंगच्या मिलांमागे खानदेशी घरांची दाट वस्ती आहे. उधन्याहून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला जाणारी तापीकाठची रेल्वे 1900च्या सुमारास झाली आणि तिने खानदेशची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इकडे आणून सोडली. या घरांतली पोरं आज हर्षल, जयेश, प्राची असतात; त्यांचे वडील सुनील नाहीतर प्रकाश. पणजोबांची नावं विचारा, मग उत्तर येतं उखर्डू, झिपरू, चिंधा, भिका, दगडू. पतवंडं जरा हसतात. पणजोबांना असलं नाव ठेवणारे आईबाप अडाणी होते, असा त्या हसण्याचा अर्थ असतो.

आईबाप अडाणी नव्हते, घाबरलेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक मुलं वर्षाच्या आत जात. त्यातच देवी, 1896 पासूनचा प्लेग, संवत छप्पन्नचा दुष्काळ, 1918चा मानमोडीचा ताप. लागोपाठ दोन-तीन लेकरं गेली की पुढच्या बाळंतपणात घरच्या बायका डाव टाकत. मूल जन्मलं की सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारीण ‘कुणाचं गं हे?’ म्हणत ते उचलायची आणि आईने पसाभर कोंडा किंवा चार कवड्या देऊन तिच्याकडून ते विकत घ्यायचं. मूल आता या घरचं नाही, टाकलेलं आहे. ज्याची या घरावर नजर आहे त्याने ते नेण्यात अर्थ नाही. हा व्यवहार पक्का राहावा म्हणून नाव उखर्डू. केरात ठेवलं तर केरू. पाच घरचे जुने कपडे मागून आणून नेसवले तर चिंधा, भीक मागून पदरात घेतलं तर भिका. नवसाची जावळं वर्षानुवर्षं न काढता वाढवली तर झिपरू. मोहरमात ताबूतापुढे पोराला फकीर करण्याचा नवस हिंदू घरांतही होता, तिथून फकिरा. मुलग्याचं नाक टोचून तो मुलगी असल्याचं भासवलं तर नथू. नथुराम गोडसेचं मूळ नाव रामचंद्र. आधीचे मुलगे दगावले म्हणून त्याला नथ घातली आणि तेच नाव चिकटलं.

म्हणजे वंशावळीत उखर्डू दिसला की त्याच्या आधी एखाददुसरं लेकरू गेलं असणार असं धरून चालायला हरकत नाही. ती लेकरं अनेकदा बारशापर्यंतही पोचलेली नसतात, त्यामुळे वंशावळीत त्यांची ओळ नसते. त्यांच्याबद्दल कुटुंबाकडे उरलेला कागद म्हणजे या भावाचं नाव.

मात्र प्रत्येक नावाला हीच किल्ली लावू नये. धोंडू दोन वाटांनी येतो: दगडासारखा टिको म्हणून ठेवलेला, आणि अधिक म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेला. नथू कधी नथेचा, कधी नाथपंथाचा. डांगकडच्या आदिवासी घरांतले सुकऱ्या, बुध्या तर सरळ जन्मवारावरून आलेले. त्यांत भीतीचा संबंधच नाही. शहाजी या नावामागे अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला केलेला नवस सांगतात, आणि धाकट्या भावाचं शरीफजी हे नाव पाहिलं की ते पटतं. भावंडांची नावं एकत्र मांडून पाहावीत ती याचसाठी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या वडिलांचं नाव उखाजी, नवऱ्याचं नथुजी. उखा हे उखर्डूचंच तोकडं रूप असावं असं मला वाटतं. तसं असेल तर खानदेशातल्या सर्वांत प्रसिद्ध घराच्या दोन्ही बाजूंना ही नावं आहेत.

सुरतेत या नावांचं नवल कमी. गुजरातीतही उकरडोच, आणि तिथले उकाभाई, कचराभाई, पूंजाभाई, भिखाभाई याच कुळातले. पूंजो म्हणजे झाडून गोळा केलेला केर. नावनोंदणीच्या खिडकीपलीकडच्या गुजराती कारकुनाला उखर्डू समजावून सांगावा लागत नाही, पुण्यात कदाचित लागेल. लांबचं सांगायचं तर रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये कोप्रेउस नावाची माणसं पपायरसांत भेटतात. अर्थ उकिरड्यावरचा.

याच नावांच्या शेजारी लोक साताऱ्याची नकुसा, म्हणजे नकोशी मुलगी, बसवतात, ते मला मान्य नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून 280हून अधिक नकुसांना नवी नावं दिली गेली. उखर्डूला टाकल्याचं सोंग होतं, कारण तो फार हवा होता. नकुसाच्या नावात सोंग नाही.

आता हे पणजोबा मुख्यतः जातपडताळणीच्या वेळी आठवतात. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून भेस्तानचं पोर गावी जाऊन गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, शोधतं. तिथे मोडीत ‘उखा’, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ‘उकर्डा’, सातबाऱ्यावर ‘उखर्डू’, आणि सुरतच्या मतदारयादीत आजोबांच्या नावापुढे गुजराती लिपीत ‘उखाभाई’. मग प्रतिज्ञापत्र करायचं, की ही चारही नावं एकाच माणसाची.