तरंड आणि सांगड

गळ टाकून बसलेला मनुष्य गळाकडे पाहत नाहीं. त्याची नजर असते पाण्यावर तरंगणाऱ्या एका हलक्या तुकड्यावर. आमिष किती खोल राहावें हें तो तुकडा ठरवितो, आणि मासा लागल्याची पहिली वार्ताही तोच देतो. संस्कृत कोशकारांनीं त्यास 'तरंड' म्हटलें आहे. गळाच्या दोरीस बांधलेलें लाकूड हा या शब्दाचा एक अर्थ, तराफा हा दुसरा. बंगाली लोक याच वस्तूस 'फातना' म्हणतात व ती मोरपिसाच्या देठाची किंवा शोला नांवाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची करतात.

असले विषय पंडितांनीं हलके मानले असतील असें कोणास वाटेल. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (इ. स. ११२९ चा सुमार) मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती व त्यांचीं आमिषें यांचा त्यांत सविस्तर विचार केलेला आहे. मराठीच्या प्राचीन नमुन्यांसाठीं ज्याचा हवाला नेहमीं दिला जातो, तोच हा ग्रंथ.

तरंड हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणें या धातूपासून झाला. तारूं त्याच घरचें. नदी पायीं ओलांडण्याची जागा ती 'उतार', आणि पैलतीरीं जाणारा तो 'उतारू'; पुढें पाण्याशीं कांहीं संबंध नसलेल्या आगगाडीच्या डब्यांतही उतारूच बसूं लागले! शिवकालीन आरमाराच्या वर्णनांत गुराबा व गलबतें यांच्या शेजारीं येणारीं 'तरांडीं'ही याच कुळांतलीं. गळ आणि आमिष हे शब्द मराठी वाक्प्रचारांत जाऊन बसले. कोणी गळाला लागतो, कोणी आमिषाला भुलतो. तरंडाच्या वांट्यास मात्र तेवढें भाग्य आलें नाहीं.

सांगडीचें तसें नाहीं. 'विचार व आचार यांची सांगड घालावी' असें लिहिणाऱ्याच्या ध्यानींही नसतें कीं, सांगड ही एके काळीं हातानें धरावयाची वस्तु होती. दोन वाळलेले भोपळे एकत्र बांधून त्यांच्या आधारें पोहणें, किंवा दोन होड्या एकमेकींस जखडून त्यांवरून जड ओझें नदीपार नेणें, हीच मुळांतली सांगड. पूल नव्हते त्या काळीं न पोहणाऱ्याचा जीव त्या दोन भोपळ्यांमधील गांठीवर अवलंबून असे. गांठ सुटली कीं संपलें. शब्दांतील जोडण्याचा अर्थ असा जिवावरच्या प्रसंगांतून आलेला आहे, व्याकरणाच्या वर्गांतून नव्हे.

हा शब्द फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनाम व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्यें आपल्या पूर्व किनाऱ्यावरील, एकेका लांकडाच्या होड्या जोडून केलेल्या 'संगर' नांवाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख आहे. विद्वान् तो सांगडीशीं जोडतात. मलयाळींत तीच 'चंगाडम्'. पोर्तुगीज लोक मलबारांत आले आणि त्यांनीं तिची 'जंगादा' केली. बदल्यांत त्यांचा 'बोया' आपल्या किनाऱ्यावर राहिला, आणि तरंडाचें उरलेंसुरलें काम त्यानें उचललें. व्यवहार बरोबरीचा झाला म्हणावयाचा.

जंगादा पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलला गेली. तेथील ईशान्य किनाऱ्यावरील कोळी हलकीं लांकडें जोडून, शीड लावून केलेल्या तराफ्यास आजही याच नांवानें ओळखतात. सेआरा प्रांतांत फोर्तालेझा येथें मोठीं जहाजें दूर उभीं राहत आणि माल तराफ्यांवरून न्यावा लागे. या मालांत गुलामही असत. १८८१ सालीं तेथील तराफेवाल्यांनीं गुलामांस जहाजांवर पोंचविण्याचें साफ नाकारलें. फ्रान्सिस्को जुझे दो नासिमेंतो हा त्यांचा पुढारी. त्यांच्यावांचून दुसरी वाट नसल्यानें व्यापार अडला. १८८४ सालीं सेआरानें गुलामगिरी बंद केली. संपूर्ण ब्राझीलला त्यासाठीं १८८८ साल उजाडावें लागलें. नासिमेंतो आपला तराफा घेऊन राजधानी रिओ द जानेरो येथें गेला, तेव्हां त्या शहराच्या रस्त्यांतून त्या लांकडांच्या सांगडीची मिरवणूक निघाली.