भाषण लिहायला एआयची मदत : काय सांगायचं, काय तपासायचं

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती. शाळेत भाषण ठरलं की हल्ली घरात मोबाइलवर चॅटजीपीटी नाहीतर जेमिनी उघडलं जातं. 'सावित्रीबाईंवर भाषण दे' एवढंच सांगितलं तर सगळ्यांना जवळपास सारखंच भाषण मिळतं. एकाच वर्गातली चार पोरं तेच वाचतात आणि गुरुजींच्या लगेच लक्षात येतं.

त्यापेक्षा नीट सांगावं : बोलणारी सातवीतली मुलगी, वेळ ३ मिनिटं, वाक्यं छोटी, भाषा घरात बोलतो तशी. ३ मिनिटांना साधारण ३०० शब्द पुरतात. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोललं तरी चालतं. आजीची शाळा का सुटली, हे तिलाच विचारून त्यात घालावं. ते एआयला कुठून माहीत असणार?

खरा घोळ माहितीत होतो. एआय चुकीची तारीखही ठामपणे सांगतं, आणि सावित्रीबाईंनी कधी न लिहिलेल्या ओळी त्यांच्या नावावर खपवतं. ओळ छापील पुस्तकात सापडली तरच ठेवावी, नाहीतर सरळ खोडावी. जन्म १८३१, नायगाव (जि. सातारा), १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा, १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा कवितासंग्रह, १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना निधन. भाषणातले आकडे याच्याशी जुळवून घ्यावेत.

मग मोठ्यानं वाचावं. 'प्रणेत्या'सारख्या शब्दावर जीभ अडली तर तो बदलावा. कागद न बघता दोनदा म्हणता आलं की भाषण तयार.