नाचाचा क्लास

१८८० साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाले. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरहून जे आंदण आले, त्यात नाचाचा एक ताफाही होता. गौरा आणि कांतिमती या दोन नर्तकी, त्यांना नाचवणारे नट्टुवनार आणि साथीदार. बडोद्याच्या दरबारात गवई, वादक आणि नर्तकी यांच्यासाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचे स्वतंत्र खाते होते. त्या खात्यात या मंडळींची नोंद झाली, पगार सुरू झाला, आणि तमिळ मुलखातला नाच गुजरातेतल्या एका मराठी राजवाड्यात रुजला. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ पुढे तंजोरकर या आडनावाने ओळखले गेले आणि त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात नृत्य शिकवले.

आई आंदणात आलेली नर्तकी आणि मुलगा विद्यापीठातला शिक्षक. भारतातल्या नृत्यशिक्षणाचा अर्वाचीन इतिहास या दोन पिढ्यांच्या अंतरात जवळजवळ सगळा मावतो. आज कोणत्याही शहरात संध्याकाळी पाच ते सहा लहान मुलांची बॅच, सहा ते सात मोठ्या मुलींची, सात ते आठ नोकरी करणाऱ्यांची, अशी पाटी दिसते आणि ती आपल्याला अगदी साधी वाटते. नाच दोन हजार वर्षे जुना असल्याचे क्लासमध्ये शिकवले जाते. खुद्द क्लास मात्र शंभर वर्षांचाही नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. तो कसा जन्मला हे पाहिले, की त्याने कोणाला दार उघडले आणि कोणाला बाहेर ठेवले, हेही दिसू लागते.

क्लासच्या आधीही शिक्षण होतेच, आणि ते फार कडक होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरला सरफोजी राजे दुसरे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यम् शिकणारी मुले अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत ज्या क्रमाने जातात, तो क्रम या चौघांनी घालून दिला. राजांनी स्वतः याच प्रकारच्या नाचासाठी मराठीत रचना केल्या. ‘कोरवंजीचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्यांचा संग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापला आहे. ज्या नाचाला आपण सहज ‘दक्षिणेचा’ म्हणतो, त्याच्या जडणघडणीच्या काळात मराठी ही त्याची एक भाषा होती.

पण हे शिक्षण फीवर चालत नसे. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की घरातच तालीम सुरू होई. आई, आजी, मावशी गात. नट्टुवनार लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरी. मुलगी तयार होऊन देवळात, लग्नात, दरबारात नाचू लागली, की तिच्या कमाईत गुरूचा वाटा असे. शिष्येचे नाव झाले तर गुरूचे पोट भरे. म्हणून शिकवण्यात कुचराई परवडत नसे आणि कोणालाही शिकवणेही परवडत नसे. हा नाच म्हणजे एका समाजाचा व्यवसाय होता. त्यातल्या बायका देवाला वाहिलेल्या. लग्न न करणाऱ्या. पण मालमत्ता बाळगणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या. त्यांच्या आयुष्यात मान होता आणि पिळवणूकही होती, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि दरबारचा आश्रय संपला. १८९३ मध्ये मद्रासच्या समाजसुधारकांनी व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांना अर्ज केला, की त्यांनी नाचाच्या बैठकींना जाऊ नये. सरकारने तो मानला नाही, पण प्रतिष्ठित घरांनी हळूहळू मानला. १९२७ मध्ये डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी मद्रासच्या विधिमंडळात गेल्या आणि मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा लढा कायद्यापर्यंत पोचला. त्यांची स्वतःची आई याच समाजातली होती. त्याच समाजातून आलेल्या मूवलूर रामामिर्तम् अम्माळ प्रथेविरुद्ध गावोगाव बोलत होत्या, तर बंगळूर नागरत्नम्मा आणि त्यांच्या सोबतिणी सरकारला उलट अर्ज करीत होत्या, की आम्हाला सरसकट वेश्या ठरवू नका. हा वाद सुधारक विरुद्ध सनातनी असा सरळ नव्हता. ज्यांच्याविषयी तो चालला होता, त्या बायकाच दोन्ही बाजूंना होत्या. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३४ मध्ये आला, मद्रासमध्ये १९४७ मध्ये.

याच वर्षांत दुसरी चळवळ सुरू झाली. बायका बदनाम असतील, पण नाच का जावा, असा प्रश्न वकील ई. कृष्ण अय्यर यांनी लावून धरला. मद्रासच्या म्युझिक अकादमीने आपल्या व्यासपीठावर हा नाच आणला आणि ‘सदिर’ हे जुने नाव मागे पडून ‘भरतनाट्यम्’ हे नाव रूढ झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिशी गाठताना पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकायला सुरुवात केली. १९३५ च्या डिसेंबरात त्या अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात जाहीरपणे नाचल्या. ब्राह्मण घरातली, तीही विवाहित स्त्री नाचते, याची बातमी झाली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३६ मध्ये, त्यांनी जी संस्था काढली तीच पुढे कलाक्षेत्र झाली.

आज आपण ज्याला नाचाचा क्लास म्हणतो, त्याचा नमुना बऱ्याच अंशी इथे घडला. नट्टुवनाराच्या घरी मुलीला वर्षानुवर्षे ऐकून-पाहून येणारी गोष्ट आता वेळापत्रकात बसवायची होती, आणि तीही अशा मुलींसाठी ज्यांच्या घरात कोणी नाचलेले नव्हते. म्हणून अडवूंचे गट नीट लावले गेले: आधी तट्टडवू, मग नाट्टडवू, प्रत्येक अडवू तिन्ही लयींत. अर्धे बसून गुडघे बाहेर, पाठ ताठ, हात खांद्याच्या रेषेत. वीस मुली एका ओळीत एकसारख्या दिसल्या पाहिजेत, ही कल्पनाच वर्गाची आहे. एकटीने नाचणाऱ्या घराण्यात तिची गरजच नव्हती. प्रार्थना आली, गणवेशासारखी साडी आली. पदांमधला उघड शृंगार कमी झाला आणि भक्ती पुढे आली.

या निवडीला विरोध झाला तो थेट त्या घराण्यांतूनच. वीणा धनम्माळ यांची नात टी. बालसरस्वती आयुष्यभर सांगत राहिल्या, की शृंगार हा या नाचाचा प्राण आहे, त्याला शुद्ध करण्याची गरज नाही. त्यांनीही पुढे म्युझिक अकादमीच्या आश्रयाने शाळा चालवली, पण मोजक्याच शिष्या घडवल्या. दोघींपैकी कोणाचे बरोबर, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. क्लासला कोणती पद्धत परवडते हा प्रश्न जास्त काही सांगून जातो. पदम् शिकवायला गाणे, भाषा, वय आणि प्रेमाविषयी बोलण्याची मोकळीक लागते. आठ वर्षांच्या वीस मुलींना एका तासात तिल्लाना शिकवता येतो; पदम् शिकवता येत नाही.

मद्रास एकटे नव्हते. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी मणिपुरी गुरू बोलावून भद्र घरांतल्या मुलींना नाच शिकवला. केरळात कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये कलामंडलम् उभे केले, तेव्हा त्यासाठी लॉटरीची तिकिटे विकून पैसे जमवले होते. अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात कथकळी, भरतनाट्यम् आणि मणिपुरी एकाच छताखाली शिकवले जाई. गुरुदत्त तिथलेच विद्यार्थी. ‘येथे विविध शैली शिकवल्या जातील’ ही आजच्या पाटीवरची ओळ अल्मोड्यात खऱ्या अर्थाने लिहिली गेली.

महाराष्ट्रात गोष्ट थोडी वेगळी होती. इथे रंगभूमीवर स्त्रीपात्रे पुरुषांनी करण्याची परंपरा बालगंधर्वांपर्यंत दिमाखात चालली. चांगल्या घरच्या बाईने मंचावर यायचेच नाही, तर नाचण्याचा प्रश्न कुठला? मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी युरोपचा दौरा केला आणि नंतर खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ काढले. दमयंती जोशी, शिरीन वजिफदार यांच्यासारख्या मुली त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. १९४५ मध्ये माटुंग्याच्या तमिळ वस्तीत, नट्टुवनारांच्याच कुटुंबाने श्रीराजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू केले. १९४७ मध्ये पुण्यात रोहिणी भाटे यांनी ‘नृत्यभारती’ काढली. कथक म्हटले की लोकांना कोठा आठवे, अशा काळात त्यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांची तालीम घेतली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींच्या पायांत घुंगरू बांधले. त्या मुलींच्या आयांसाठी हे किती मोठे पाऊल होते, ते आज कळणे अवघड आहे.

त्या आयांची समजूत घालायला एक गोष्ट फार उपयोगी पडली, ती म्हणजे परीक्षा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा संगीताला शाळेची शिस्त लावली होती. त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने पुढे नृत्याच्याही परीक्षा घेतल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. गावोगावच्या क्लासला यामुळे एक कणा मिळाला. नागपूर, इंदूर, बेळगाव, कुठेही बदली झाली तरी मुलगी त्याच पायरीवरून पुढे जाऊ शकते. हाताने ताल देऊन बोल म्हणता येणे, लेखी उत्तरात सम आणि आवर्तन यांची व्याख्या लिहिता येणे, प्रमाणपत्र मिळणे, हे सगळे नाचाला अभ्यासाच्या रांगेत बसवणारे होते. आता महाराष्ट्रात दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. नाचामुळे अभ्यास बुडतो, ही तक्रार परीक्षेने मोडीत काढली.

मग कोण बाहेर राहिले? नट्टुवनार पुरुष होते, ते शिक्षक म्हणून नव्या संस्थांत आले. ज्या बायकांच्या अंगात तो नाच होता, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ही जागा मिळाली. मैलापूरच्या गौरी अम्माळ यांनी रुक्मिणीदेवींना आणि बालसरस्वतींनाही अभिनय शिकवला, पण अशी नावे बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांनी आपल्या मुलींना या नाचापासून दूर ठेवले, कारण नाचणे ही आता त्यांच्याविरुद्ध पुराव्यासारखी गोष्ट झाली होती. तोच नाच डॉक्टर-वकिलांच्या मुलींच्या बाबतीत संस्कार ठरला.

आपल्याकडे लावणीचे हेच झाले, फक्त उशिरा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि मग अटी घालून ती उठली. कोल्हाटी समाजातल्या यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि पुढे २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण बसून केलेल्या लावणीची अदाकारी शिकायला बारीतल्या बाईकडे जाणारी शहरी मुलगी विरळाच. लावणी क्लासमध्ये आली ती सिनेमातून आणि स्नेहसंमेलनातून, चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रित गाण्यावर, नऊवारी भाड्याने आणून. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा हजारो बायकांची कमाई गेली. त्यांतल्या अनेक जणी पिढीजात नाचणाऱ्या समाजांतल्या होत्या. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, त्याच हिंदी गाण्यांवर मुलांच्या नाचाचे क्लास जोरात चालले होते. गाणे तेच, पावले जवळपास तीच. फरक इतकाच, की एकीकडे नाचणारी पैसे घेत होती आणि दुसरीकडे नाचणारीचे आईबाप पैसे देत होते. नाचाची प्रतिष्ठा पैसा कोणत्या दिशेने जातो यावर ठरते, ही १९३६ पासूनची शिकवण इतकी उघडी क्वचितच दिसली असेल.

म्हणून क्लासला नावे ठेवावीत असे नाही. त्याने जात न विचारता, निदान दारावर तरी न विचारता, नाच शिकवला. आंदणात कोणी येणार नाही आणि देवाला कोणी वाहिली जाणार नाही, अशा जगात नाच टिकवायचा तर फी, बॅच आणि वेळापत्रक याहून बरी व्यवस्था सापडलेली नाही. आता चाळिशीतल्या बायका ऑफिस सुटल्यावर तत्कार करायला येतात, मुलगे कथक शिकतात, आजीही झुम्बाला जाते. वडिलोपार्जित हक्क किंवा कलंक काहीही नसलेले हे नाचणे नवे आहे आणि आनंदाचे आहे.

आणि क्लासमधूनच कधी कधी जुन्या दाराकडे परतही जाता येते. आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजी राजांच्या त्या मराठी रचना ग्रंथालयातून काढून पुन्हा नाचासाठी बसवल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या मंचावर सादर केल्या. सुचेताताई पुढे किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या, आणि किट्टप्पा म्हणजे सरफोजींच्या दरबारातल्या त्या चार भावांचे वंशज. दीडशे वर्षे कागदावर पडलेली मराठी पुण्याच्या एका बाईच्या पायांत परत आली.

विशारदच्या लेखी परीक्षेत तंजावरच्या चार भावांची माहिती विचारतात, आणि मुली ती बिनचूक लिहितात. तंजावरहून बडोद्याला आंदणात आलेल्या दोघी जणींची नावे मात्र कुठल्या प्रश्नपत्रिकेत दिसत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती सांगायला अर्धे मिनिटही लागणार नाही. गौरा आणि कांतिमती.