मयताच्या घरची पेटी

जळगावच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवतो, त्यामुळे मंडळीत कुणी गेलं की पहिला निरोप पाळकसाहेबांना आणि दुसरा मला येतो. संध्याकाळी मयताच्या घरी सतरंजी अंथरतात. शेजारच्या लेवा पाटलांकडून पिठलं-भाकरी आलेली असते. प्रार्थना होते, वचन वाचतात, मग भजनं. पहिलं संथ, दुसऱ्यापासून तबला भजनी ठेक्यावर येतो. सकाळपासून मुकी बसलेली बाई दुसऱ्या कडव्याला ओठ हलवते, तिसऱ्याला तिचा आवाज ऐकू येतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही, आत मयत आहे की बारसं.

ही भजनं बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. मिशनऱ्यांनी आणलेली भाषांतरित गीतंही ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात आहेत, पण परक्या चालीत मराठी माणसाला मनसोक्त रडता येत नाही, असं माझं मत. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्यांच्या भजनांत ती वाट दिसते.

टिळकांचा आमच्या गावाशी धागा आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, त्याला ते आले होते. तिथेच धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या कोवळ्या पोराला अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हटलं. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखा सांभाळला. ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणारा हा पोरगा ५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला. ९ मे १९१९ ला टिळक गेले. वर्षाच्या अंतराने बाईंचं घर दोनदा उजाड झालं.

खरं तर बाईंचा मोठा शोक या धर्मानेच आणला होता. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. पाच वर्षं सोवळं-ओवळं, माहेरची माणसं आणि स्वतःचं मन यांच्याशी भांडून १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या ख्रिस्ताने संसार मोडला, त्याच्याच पायाशी त्या येऊन बसल्या. हे भाबडेपणाने होत नाही.

विधवा झाल्यावर त्यांनी हाती काय घेतलं? टिळकांचं ख्रिस्तचरित्राचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’. ते जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून गेले होते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी पुढचे ६४ अध्याय ओवीत लिहिले. १९३६ मध्ये त्या वारल्या, ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. आज लोक बाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचतात, हसतात. ‘ख्रिस्तायन’ कपाटातच राहतं, याची मला खंत आहे.

आमच्याकडे पुढच्या रविवारी दुःखातल्या घराने भजन निवडायचं असतं. बहुतेक जण टिळकांचंच सांगतात. चाल मात्र मी आधी विचारून घेतो, कारण भुसावळची माहेरवाशीण असली तर तिची चाल वेगळी निघते आणि ऐन उपासनेत तबलजी माझ्याकडे डोळे वटारतो.