'रन' म्हणजे फक्त धावणं नाही! एका शब्दाचे ६४५ अर्थ

'रन' म्हटलं की क्रिकेटमधली धाव आठवते. पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी हा शब्द नव्याने तपासला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले! १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वात मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती. २०११ पर्यंत 'रन'ने त्याला मागे टाकलं.

धावणं आणि वाहणं हे अर्थ जुनेच. पुढे यंत्रं आली, कम्प्युटर आले आणि तेही 'रन' होऊ लागले.

नेहमीचे काही वापर पाहूया :

• नाक 'रन' होतं : नाक गळतं
• निवडणुकीसाठी 'रन' : उमेदवार म्हणून उभं राहणं
• दुकान 'रन' करणं : दुकान चालवणं
• औषध 'रन आउट' : औषध संपलं
• बँकेवर 'रन' : पैसे काढायला ठेवीदारांची एकाच वेळी झुंबड

गंमत म्हणजे इंग्रजीत घड्याळ, मशीन, दुकान सगळं धावतं. मराठीत ते 'चालतं'. म्हणूनच शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की घोळ होतो. औषध संपलंय की पळालंय, हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच कळतं. त्यामुळे आधी पूर्ण वाक्य वाचा, मगच फॉरवर्ड करा!